डाव्या खांद्यावरचा टॉवेल

मामा माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचेच नाहीत. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार असो, त्यांची नजर पहिली जायची पायांकडे. मग सावकाश वर यायची. "तोंड काय, कायबी बोलतंय," म्हणायचे. "पाय खोटं बोलत न्हाईत."

ते माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या पेठेचे मामा. गल्लीच्या तोंडाला कट्ट्यावर त्यांच्या दोन म्हशी बांधलेल्या असायच्या. संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचे. खांद्यावर एक टॉवेल, त्याला पांढरा म्हणायचं ते केवळ मामींचं मन राखायला. आपल्याला दोनच गोष्टी कळतात असं ते सांगायचे, म्हैस आणि फुटबॉल. पैकी म्हशीबद्दल मामींचं मत वेगळं होतं. "मुरगुडास्नं आणलेली म्हस सा महिन्यांत आटली," त्या चारचौघांत ऐकवायच्या. "पोरांचं पाय बघून झालं की म्हशीचंबी बघत जावा जरा." मामा तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. नसाल तर ऐका. आमच्याकडचा फुटबॉल पेठांमधल्या तालमींचा. दिवाळीच्या आगेमागे तीन दिवस खेळाडूंची नोंदणी असते. खेळाडूनं स्वतः टेबलापाशी जाऊन ज्या तालमीच्या अर्जावर सही केली, त्या तालमीचा तो वर्षभर. जागा मोजक्या, एक आत आला की एक बाहेर. त्या तीन दिवसांत पेठेत कुणाचं जेवणात लक्ष नसायचं. चांगला खेळाडू दुसऱ्यांनी पळवू नये म्हणून त्याला कुणाच्या तरी मळ्यात नेऊन ठेवायचे, तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घालायचे आणि थेट सहीलाच उभा करायचे. मी स्वतः कुरुंदवाडजवळ एका सेंटर फॉरवर्डची दोन दिवस राखण केलीय. दुपारी तो घोरायचा आणि मी त्याच्या चपला मांडीवर घेऊन दारात बसायचो. हसू नका, त्याच्या आदल्या वर्षी आमचा एक असाच परसाकडला जातो म्हणून गेला तो थेट दुसऱ्या तालमीच्या जीपमध्ये सापडला होता.

मामा काही तालमीच्या कमिटीवर नव्हते. त्यांना कुणी विचारतही नसे. पण नोंदणीच्या दिवसांत ते धार लवकर आटपून तालमीच्या दारात उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोराची चाल बघायचे. एकदा बाहेरून एक नावाजलेला फॉरवर्ड आणला होता. रिक्षातून उतरून दारापर्यंत दहा पावलं चालला असेल. मामा म्हणाले, "ह्यो संक्रांतीपतूर टिकत न्हाय." कमिटीतल्या एकानं त्यांना झापलं. पठ्ठ्या दुसऱ्याच सामन्यात मांडी धरून बसला आणि संक्रांतीचा तिळगूळ आम्ही त्याला खाटेवर नेऊन दिला.

पुढच्या वर्षी हुपरीहून एक काटकुळं पोरगं आलं. चांदीच्या पैंजणांच्या कामावर बसणारं, एसटीनं यायचं. कमिटी हसली. मामांनी पाय बघितले आणि तडक निघून गेले. परत आले ते म्हैस घेऊन. तालमीच्या दारातच बांधली आणि वर तिच्यापुढं वैरण टाकली. "ह्या पोराचं नाव लिवा, मग म्हस सोडतो." तासभर कमिटीला बाहेर पडता येईना. शेवटी शेणाचा वास की मामांचा हट्ट कशाला कंटाळले कोण जाणे, नाव लिहिलं. तो पोरगा सहा वर्षं आमच्याकडून खेळला आणि त्यानं किती गोल मारले ते त्या हसणाऱ्यांना विचारा.

माझं नावही मामांमुळेच लागलं. मी उद्यमनगरात लेथवर काम करायचो. गोलकीपर म्हणून माझे हात आखूड, असं कमिटीचं मत. मामा दारातून ओरडले, "हात कशाला बघताय? गोलीचं पाय आधी उडत्यात, हात मागनं जात्यात. ह्येचं पाय बघा की!" मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तेव्हापासून ते मला गोलीच म्हणत.

आता टॉवेलाचं सांगतो. सामना टायब्रेकरला, म्हणजे पाच-पाच पेनल्टींवर गेला की मामा गॅलरी सोडून माझ्या गोलच्या मागे येऊन उभे राहायचे. समोरचा पेनल्टी मारायला चालत यायचा, मामा त्याची चाल बघायचे आणि टॉवेल एका खांद्यावर टाकायचे. मी चेंडू सरळ करायच्या निमित्तानं एकदा मागे वळून बघायचो. टॉवेल उजव्या खांद्यावर तर उजवीकडे झेप, डाव्यावर तर डावीकडे. दहातले सात मामा बरोबर सांगायचे. लोकांना वाटायचं म्हातारा घाम पुसतोय. ही खूण तिघांनाच माहीत होती. मला, मामांना आणि दिल्याला.

दिल्या म्हणजे दिलीप, मामांचा एकुलता एक. आमचा स्टॉपर. दहा वर्षं माझ्यापुढे भिंतीसारखा उभा राहिला. माझा जिगरी दोस्त.

नवं शतक लागलं आणि तालमींना वेगळीच हवा लागली. परदेशातले, परराज्यातले उंचेपुरे खेळाडू यायला लागले. एका वर्षी कमिटीपुढे एक असाच दणकट बाहेरचा स्टॉपर आला. त्याला घ्यायचा तर दिल्याची जागा जात होती. पेठेत दोन तट पडले. पोरं कमिटीवाल्यांच्या दारात जाऊन भांडायला लागली. शेवटी अध्यक्षांनी शक्कल काढली. म्हणाले, मामांनाच विचारू. म्हणजे काहीही झालं तरी बोल आपल्यावर नको.

आयुष्यात पहिल्यांदा मामांना आत बोलावलं, खुर्ची दिली. दिल्या समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. बापाला पेठेनं शेवटी मान दिला म्हणून त्याच्या तोंडावर हसू होतं, ते मला अजून दिसतं. मामा दिल्याच्या पायांकडे बघत राहिले. इतका वेळ की अध्यक्ष खाकरले.

"दिल्याला घेऊ नगा," मामा म्हणाले.

"का हो मामा?"

"पाय जड झालाय." एवढं बोलून उठले आणि धारेला गेले.

नोंदणीच्या तिसऱ्या दिवशी त्यानं आमच्या हाडवैरी पेठेच्या अर्जावर सही केली आणि तिकडेच एका मित्राकडे राहायला गेला. आमच्या पोरांनी त्याच्या नावानं शिमगा केला. मी मामांवर भडकलो. कट्ट्यावर गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. "सख्ख्या पोराचा गळा कापलासा तुम्ही!"

मामांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "डावा गुडघा गेलाय त्येचा. जिना उतरताना बघ कवातरी. अजून दोन वर्सं खेळला तर काठी घेऊन चालंल."

"मग तिथंच सांगायचं की!"

"लगीन व्हायचंय त्येचं. लंगडा म्हणून गावभर करू व्हय? मला वाटलं रागानं घरात बसंल." "दुसरीकडं जाईल आसं न्हाय वाटलं, गोली."

सगळा मोसम बापलेक बोलले नाहीत. दिल्याच्या सामन्यांना मामा जायचे, पण एका कोपऱ्यात, तिकीट काढून, परक्यासारखे. तो उडी मारून खाली आला की मामांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर जायचा.

आणि नशीब बघा, फायनल दिल्याच्या तालमीची आणि आमची.

आदल्या संध्याकाळी मी दूध प्यायला गेलो. मामाच बोलले. "टायब्रेकर लागला आन दिल्या आला, तर उजवीकडं उड. डाव्या गुडघ्यावर अंग वळत न्हाय त्येचं. दुसऱ्या बाजूला मारताच येणार न्हाय त्येला."

"आणि त्यानं चुकवली तर त्याचं काय होईल, मामा?"

मामांनी म्हशीपुढची वैरण सारखी केली. म्हणाले, "विकला गेला म्हणतील. जुन्या तालमीसाठी मुद्दाम चुकीवली म्हणतील. त्या पेठंत ठिवणार न्हाईत. आन आपल्या पेठंत तर आदीच दार बंद हाय." आणि लगेच, "तू तुजं काम कर."

सामना बरोबरीत सुटला. टायब्रेकर. स्टेडियममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. मामा नेहमीसारखे गोलच्या मागे येऊन उभे राहिले. समोरच्यांच्या पहिल्या चार खेळाडूंच्या वेळी मामांनी चारदा टॉवेलानं खूण केली. एक मी अडवला, तीन गेले. मारणाऱ्यांतलं कुणीच टॉवेलाकडे बघत नव्हतं, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की दिल्यानं नव्या तालमीला खूण सांगितलेली नाही. वर्षभर तिथलं मीठ खाऊनसुद्धा. आमच्याही पाचातले तीनच गेले. आता त्यांचा शेवटचा. गेला तर चषक त्यांचा, अडवला तर आमच्यात अजून जीव होता.

चेंडू घेऊन दिल्या आला.

आमच्या गॅलरीतून आईबहिणीवरून शिव्या सुरू झाल्या. त्यांची गॅलरी गप्प होती आणि ते गप्प बसणं शिव्यांपेक्षा वाईट होतं. दिल्या ताठ चालत होता. पण मला सांगितलेलं असल्यामुळे मला दिसलं, डावा पाय टेकताना ओठ आवळत होता. मी चेंडूपाशी गेलो, मागे वळलो आणि मामांकडे बघितलं.

टॉवेल डाव्या खांद्यावर होता.

मला आधी वाटलं, अजून बदलायचा असेल. थांबलो. मामा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, ते माझ्या डोक्यावरून दिल्याकडे बघत होते. दिल्याही त्यांच्याकडेच बघत होता. लहानपणापासून ती खूण त्याला माहीत होती. बाप काय करतोय हे त्याला माझ्याइतकंच कळलं असणार.

पंचांनी शिट्टी दिली. दिल्यानं चेंडू मारला. मी डावीकडे झेपावलो आणि चेंडू उजवीकडून आत गेला.

त्यांची पेठ मैदानात घुसली. दिल्यानं हात वर केले नाहीत. लोकांनी त्याला खांद्यावर उचललं, तरी मान वळवून तो गोलच्या मागे कुणाला तरी शोधत होता. मामा तोवर गर्दीत कुठल्या कुठे गेले होते.

त्यानंतर आमच्या पेठेनं मामांचं काय केलं ते सांगायला लाज वाटते. मारामारी नाही केली, पण "म्हाताऱ्याची नजर गेली" हे ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. खुणेची गोष्ट कशी कोण जाणे फुटली होती. पुढच्या नोंदणीला मामा तालमीच्या दारात आले तर एक काल जन्मलेलं पोर म्हणालं, "मामा, घरी जावा, चष्मा करा." मामा हसले आणि गेले. परत कधी आले नाहीत. गोलच्या मागेही नाही. आणि मला सगळे पाठीवर हात ठेवून सांगायचे, तुझी काय चूक, म्हाताऱ्यानंच उलटं दाखवलं. मी मान हलवायचो. वर्षानुवर्षं हलवली.

दिल्या मात्र त्याच आठवड्यात घरी आला. मामींनी सांगितलं, दारात उभा राहिला, बाप म्हणाला, "डावा पाय दाखीव," आणि दोघंही रडले. त्यानं फुटबॉल सोडला, गुडघ्याचं ऑपरेशन केलं. लग्न झालं. आज त्याची मुलगी कॉलेजात आहे आणि तो जिना उतरताना कठडा धरतो.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कट्ट्यावर मोबाइलचं दुकान आहे. जाण्याच्या आधीच्या थंडीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. एकच म्हैस उरली होती आणि धार दिल्या काढत होता. मामा बाजूला पोत्यावर बसलेले, खांद्यावर तोच टॉवेल.

दिल्या बादली घेऊन आत गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "गोली, त्या दिवशी तुला ठावं हुतं."

"काय, मामा?"

"माजा टावेल खोटा हाय म्हणून."

"छे छे. मी तुमच्या खुणेवर उडलो. नेहमीसारखा."

"तुजा उजवा पाय आदी हालला," मामा म्हणाले. "उजवीकडं भार दिलतास. मग मागं घेतलास आन डावीकडं उडलास. म्या मागंच हुतो की रं."

इतकी वर्षं मी त्यांना पेठेच्या शिव्या एकट्याला खाऊ दिल्या होत्या आणि त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मान खाली घातली. मामांनी माझी हनुवटी धरून वर केली आणि पहिल्यांदाच, पायांकडे न बघता, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दूध पिऊन जा," म्हणाले.