किशोरचा गुटका

किशोर गेल्याचं मला कार्यालयाच्या ग्रुपवर कळलं. साहेबांचा निरोप आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. चौथ्या दिवशी आमच्या रेकॉर्ड रूममध्येच शोकसभा झाली. तिथे कुबट वास येतो म्हणून आधी गुलाबाचा फवारा मारला. ज्या वासाबद्दल हा माणूस वर्षानुवर्षं ओरडत होता, त्यावर त्याच्याच शोकसभेला गुलाब!

रामदासपेठेतल्या त्या खोलीत आम्ही शेजारीशेजारी बसायचो. एका खिडकीत कूलर आणि समोर दुसरी खिडकी. ती चार बोटं उघडी राहावी म्हणून किशोरने लाकडाचा गुटका तासून आणला होता. "पाण्याचा कूलर आहे गा हा, एसी नाही," तो म्हणायचा. "हवेले निघायले रस्ता पाहिजे. नाहीतर ओल फायलीत जाते, अन् आपल्या छातीत." त्याला दमा होता. पावसाळा लागला की तो कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा. साहेब येऊन पंप पुन्हा सुरू करायचे. भिंतीवर काळी, केसाळ बुरशी चढली. किशोरने अर्ज दिला, तर त्यांनी तिच्यावर फुलाफुलांचा कागद चिकटवला. वरून कीर्तन, आतून तमाशा! दोन महिन्यांत ती फुलंही फुगली... अजून आठवलं तरी किळस येते.

पण साहेबांना शिव्या देणं सोपं आहे. गुटका काढायचो तो मी. खिडकीजवळ माझी खुर्ची, बाहेरची झळ मला लागायची. किशोर डबा खायला गेला की मी गुटका खाली टाकून खिडकीची कडी लावून घ्यायचो. तो आला की आधी खोकायचा, मग वाकून गुटका उचलायचा. "काहून गा, पुन्हा पडला का?"

"वाऱ्यानं पडला असंन," मी म्हणायचो.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकात नळी होती. डॉक्टर एवढंच म्हणाले की ओल याला सोसत नव्हती. माझा हात धरून त्याने विचारलं, "खिडकी उघडी आहे ना गा?" मी हो म्हटलं. मीच ती लावून आलो होतो. स्वतःची एवढी घाण मला कधी वाटली नव्हती.

आता मी किशोरच्या खुर्चीवर बसतो. माझ्या जागी नवीन बाई आल्या आहेत. रोज सकाळी मी गुटका बसवतो, आणि डबा खाऊन येतो तेव्हा खिडकी बंद असते. काल वाकून तो उचलताना मी विचारलं, "पुन्हा पडला का?"

"वाऱ्यानं पडला असंन, सर," बाई फायलीतून डोकं वर न काढता म्हणाल्या.

वाऱ्यानं गुटका पडेल, पण कडी कशी लागेल... किशोरलाही हे पहिल्याच दिवशी कळलं असणार. तरी तो रोज विचारायचा, आणि माझं उत्तर ऐकून घ्यायचा.