वहिनीला पाठवलेलं मीठ

तीन वर्षं मी परक्या बायकांच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांच्या मिठावर थेंब टाकत फिरले. आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या मंडळाने छोटी बाटली दिली आहे. आयोडीन असलं की मीठ जांभळं होतं, नसलं की पांढरंच राहतं. पांढरं राहिलं की मी पत्रक काढायची आणि सुरू व्हायची: खड्याचं मीठ स्वयंपाकात नको. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं. पाकिटाचं मीठ आणा, डब्याला झाकण लावा, भाजी उतरवताना घाला. बायका "बरं बाई" म्हणायच्या. मी वहीत सही घ्यायची आणि पुढचं दार गाठायची.

आमच्या घरी ती बाटली कधी उघडली नव्हती.

दिवाळीनंतर घरी गेले. घाटनांदूरच्या पुढे जीप सोडली की आमच्या गावाला पायीच जावं लागतं. गल्लीत सात दारांना कुलपं होती. सगळी ऊसतोडीला. भाऊ-वहिनीही मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडे गेलेले. घरात आई आणि गाभण गाय. दोघींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोलली फक्त आई, "जेवलीस का?"

ती ठेचा करत होती. पाट्यावर मिरची, लसूण आणि वर मूठभर खडे मीठ.

मी बाटली काढली. थेंब टाकला. मीठ पांढरंच राहिलं.

"आये, मी उन्हाळ्यात चार पाकिटं आणून दिलती. कुठंयत?"

"हायत की. गाईच्या आंबवणात घालते."

"गाईच्या?"

"ओरडती कावून? तूच म्हणली ना, जिच्या पोटात जीव हाय तिला हे मीठ द्यावं. मग ह्या घरात पोटुशी कोण हाय? मी?" आई हसली. "गाय लई चाटून खाती बघ. आन् तसल्या बारीक पिठानं मिरची चेचती व्हय? निस्ती घसरती."

मला हसू आलं नाही. मी पत्रकातली सगळी वाक्यं आईच्या अंगावर फेकली. गलगंड, थायरॉईड, पोटातलं बाळ. वर्षानुवर्षं गुरांच्या मिठाची पोती आणून त्यातलंच चुलीपाशी ठेवायचं, ही कसली रीत? आई पाटा धूत राहिली. मग म्हणाली, "तू सगळ्या जिल्ह्याला सांगत हिंडतीस. मला त्यो कागद दिलास आन् गेलीस. मला वाचता येतं का?"

ते खरं होतं. मी कागद दिला होता, दोन वाक्यं बोलले होते आणि जीप पकडली होती.

"वहिनीबरोबर कुठलं मीठ दिलंस?"

"खड्याचंच. पोत्यातलं डबाभर. कोपीत ओल येती, बारकं मीठ पाणी होऊन जातं."

संध्याकाळी उसाच्या फडावरून माणसं कोपीवर परतायच्या वेळेला मी वहिनीला फोन लावला. कोपी म्हणजे पाचटाची खोपटी, सहा महिन्यांचं घर. मी सरळ मुद्द्यावर आले. "वहिनी, तिथल्या दुकानातून पाकिटाचं मीठ घ्या. डब्यातलं भाजीत घालू नका."

तिच्या मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"ताई, मला तिसरा म्हैना लागलाय."

मी अंगणात उभी होते. आई आत भाकरी थापत होती.

"कुणाला सांगितलंत?"

"कुनाला न्हाई. ह्यांना सांगितलं तर मुकादमाच्या कानावर जाईल, मग तो म्हनल जोडीचा कोयता अर्धा झाला, मजुरी बी अर्धी. आत्याबाईंना तर नकोच, त्या काळजीनं झुरतील." मग म्हणाली, "तुमी मिठाचं बोलला म्हनून निघालं तोंडातून. ताई, तुमी या की इकडं. चार दिवस राव्हा. इथं बोलायला कुनी न्हाई."

ज्या एका बाईला पत्रक सांगायला हवं होतं, ती कान देऊन उभी होती. आणि मला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

मी म्हणाले, "बघते."

त्याच आठवड्यात कपिलधारला आमचं टेबल होतं. यात्रेकरूंना पत्रकं वाटायची, माझं नाव लागलेलं. मी फोन करून दुसरं कुणी बघा म्हणू शकले असते. म्हणाले नाही. अख्खा जिल्हा की एक बाई, असा मी हिशोब केला आणि तो मला तेव्हा फार तत्त्वाचा वाटला. गावातला एक जण भावाच्या टोळीकडे निघाला होता. त्याच्याजवळ सहा पाकिटं दिली, त्यात गाईची उरलेलीही; झाकणाची बरणी दिली, ओल लागू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी दिली. गाय मात्र त्या दिवसापासून खडे मीठ खाते. पाकिटं कुणासाठी ते आईने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती बहुतेक समजली.

कपिलधारला दिवसभर बोलले. एका बाईच्या नवऱ्याने पत्रकात प्रसादाचा पेढा गुंडाळला, माझ्यासमोरच. संध्याकाळी टेबल आवरून बीडच्या खोलीवर आले. एकटीसाठी पिठलं टाकलं. उतरवताना मीठ घातलं, पाकिटाचं, नियमाप्रमाणे.

फोन वाजला. वहिनी.

"मीठ पोचलं, ताई."

"बरं झालं. झाकण लावून ठेवा."

"ठेवलंय," ती म्हणाली. मी येते म्हणते का, याची तिने वाट पाहिली. मग तिनेच फोन ठेवला.