देशाच्या हृदयाची मोजदाद

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या मेडिकल कॉलेजचं ग्रंथालय बू लास्मी एकोणतीस वर्षं सांभाळत होती. तिकडे आदराने बाईला 'बू' म्हणतात आणि पुरुषाला 'पाक'. देशात हृदयरोगावर किती संशोधन झालं ते मोजायचा हुकूम राजधानीतून आला, आणि ते काम तिच्याच गळ्यात पडलं. परदेशी यादीतल्या मासिकांत छापलेलं तेवढंच धरायचं. ज्या आजारापुढे शून्य, त्याच्या औषधांचे पैसे बंद, असंही त्याच कागदावर होतं.

डॉ. कुंचोरो कसल्या परदेशी यादीत? देमाकच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या पोरांचे घसे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. घसा सुजता सुजता ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या, त्या पोरांना दर महिन्याला पेनिसिलिन टोचून त्यांनी जगवलं. जे दिसलं ते कॉलेजच्या इंडोनेशियन मासिकात लिहिलं. बावीस लेख, सगळे लास्मीनेच टाइप केलेले. त्या आजारावर देशात दुसरं कुणी लिहितच नव्हतं.

"पाक, हे बावीस धरू या ना," ती विभागप्रमुख हर्तोनोंना म्हणाली.

"मग भिंतीवरचं कॅलेंडरही धरा की, बू!"

"तुमच्या उंदरांवरचे चौदा लेख धरलेत मी."

"उंदीर इंग्रजीत आहेत." हर्तोनो मनापासून हसले.

तिने कुंचोरोंना फोन लावला.

"किती निघाले गं माझे?"

"पाक... एकही नाही."

"दर महिन्याला सत्तावन्न पोरं येऊन बसतात दारात. त्यांना काय सांगू?"

तिने फोन खाली ठेवला. त्या दुपारी तिने त्या आजारापुढच्या रकान्यात बावीस लिहिले. मग निवृत्तीला राहिलेले चौदा महिने आठवले. बावीस खोडून तिने शून्य घातलं आणि खाली सही केली.

संशोधनाच्या जागतिक क्रमवारीत देश दोन पायऱ्या वर चढला. कॉलेजात पिवळ्या भाताचा डोंगर रचला, भोवती कोंबडी, अंडी, तळलेलं सोयाबीनचं टेंपे. शेंडा कापून मानाच्या माणसाला द्यायचा असतो. हर्तोनोंनी तो लास्मीच्या ताटलीत ठेवला. "घ्या बू, तुमचाच मान!" टाळ्या पडल्या. इंजेक्शनं बंद केल्याचं पत्र त्याच सकाळी देमाकला रवाना झालं होतं, जावक वहीत तिने ते पाहिलं होतं.

घास घशाखाली उतरायचा नाही, असं तिला वाटलं होतं. उतरला. लाजेने तिचे कान तापले होते, पण भात चांगला झाला होता. तिने कोंबडीचा तुकडाही मागून घेतला.