न कापलेली युद्धनौका

दुपारी हॉस्पिटलात गेले तेव्हा हे म्हणाले, "घरी आलो की सुरू करू." काय, ते विचारायची गरज नव्हती. संध्याकाळी फोन आला, हे गेल्याचा. सव्वा महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येकजण यांच्या संयमाचं कौतुक करून जातो. मी मान डोलावते, चहा करते. पण एकदा खरं लिहूनच टाकते... त्या संयमाचा मला राग आहे.

आम्ही तेव्हा दिल्लीत, सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. हे ड्राफ्ट्समन. परदेशी वस्तूंसाठी बाजार नुकता कुठे उघडत होता, त्या दिवसांत ऑफिसातल्या एका साहेबांनी यांच्यासाठी पॅरिसहून एक मोठं पाकीट आणलं. आत जाड कागदांवर छापलेली 'रिशेल्यू', फ्रान्सची जुनी युद्धनौका. तुकडे कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे, की दीड हात लांबीचं जहाज उभं. यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं, आज हे जेवायलाही उठणार नाहीत. दुसऱ्या दिवशी हे ते कागद घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. "मूळ कागद एकदाच कापता येतात. आधी झेरॉक्सवर हात बसवू. खरी बोट नव्या घरात, मोठ्या टेबलावर."

नवं घर म्हणजे नोएडातल्या सोसायटीचा फ्लॅट. तिथे तेव्हा मोकळं शेत होतं. मग सगळंच तिकडे गेलं. मला गाणं शिकायचं होतं. शेजारच्या ब्लॉकमध्ये शिकवणाऱ्या बाई होत्या. हे म्हणाले, "दोन खोल्यांत तानपुरा कुठे ठेवणार? नव्या घरात शीक ना." सोफा नव्या घरात, समुद्र बघायला जायचं ते नव्या घराचं उरकल्यावर. आणि इथे जेवणाच्या टेबलावर झेरॉक्सची करडी बोट वाढत होती, आम्ही खाली बसून जेवत होतो. एखादी तोफ तिरकी झाली की पुन्हा झेरॉक्स. अशा तीन बोटी झाल्या. तिसरी पाहून आमची ऋचा म्हणाली, "बाबा, बिल्कुल परफेक्ट आहे यार, आता खरी करा!" हे हसले. "ही प्रॅक्टिस आहे गं."

सोसायटीचा आधी नकाशा अडकला, मग वीज, मग लिफ्ट. ताबा मिळाला तेव्हा ऋचाचं लग्न होऊन गेलं होतं. मोठं टेबल आलं. यांचे हात मात्र थरथरू लागले होते. कटर रेघ सोडून पळायचा. तरी "थोडं बरं वाटू दे" चालूच. मीही अखेर तिथल्या एका गुरुजींकडे गेले. माझा सा ऐकून ते अगदी प्रेमानं म्हणाले, "भाभीजी, अब भजन सीखिए." म्हणजे रागदारी शिकायचं वय गेलं. घरी येऊन मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. यांनी कारणही विचारलं नाही.

परवा ऋचा आली होती. तिच्यासमोर कपाटातून ते पाकीट काढलं. कागद पिवळे पडलेत, पण एकही रेघ कापलेली नाही. मी कटर उचलला.

"आई, थांब! आधी झेरॉक्स काढून आणते, खालीच तर दुकान आहे." ती दाराकडे निघालीसुद्धा.

इतका संताप आला मला... "बस खाली," म्हटलं, आणि जहाजाच्या पुढच्या टोकाचा तुकडा सरळ कापला. दुमडताना जुना कागद घडीवर तडकला. तसाच चिकटवला. आता रोज दुपारी यांच्या टेबलाशी बसते. बोट वाकडी होते आहे. होऊ दे.