जॉइंट खात्यातला माझा पगार

मी अमरावतीत शाळेत शिकवते. नवऱ्याचं अकोल्यात टाइल्सचं दुकान होतं. ते रोज गाडीनं जाऊन येऊन करायचे. आमचं बँकेचं खातं लग्नापासून दोघांच्या नावावर होतं. माझा पगार त्यातच यायचा.

एकदा पगार झाल्यावर सासूबाईंच्या गोळ्या घ्यायला मेडिकलात गेले, तर कार्ड चालेना. बँकेत विचारलं. काउंटरवरची मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, जीएसटीवाल्यांनी खातं गोठवलंय. मिस्टरांच्या दुकानाची थकबाकी आहे."

संध्याकाळी ह्यांना विचारलं, तर ताटावरचा हात थांबला.

"नोटिसा मेलवर येऊन राहिल्या होत्या. वाटलं, दिवाळीत माल निघंल, मंग भरून टाकू."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगून काय होणार होतं?"

थकबाकीपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ह्यांच्यासोबत अकोल्याच्या कर कार्यालयात गेले. अधिकारी बाई साधारण माझ्याच वयाच्या होत्या.

"दुकान यांचं आहे. माझ्या पगाराला हात कशाला लावला?" मी विचारलं.

"खात्यावर त्यांचंही नाव आहे म्हणून," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि हा कर त्यांनी गिऱ्हाइकांकडून घेतलेला होता, मॅडम. तो भरायचा सोडून धंद्यात फिरवला."

ह्यांनी मान वर केली नाही. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला.

बाईंनीच वाट सांगितली. पगाराचे पुरावे जोडून मी अर्ज केला. थकबाकीसाठी ह्यांनी हप्ते मागितले. तो महिना माझ्या भावाकडून उसने पैसे घेऊन काढला. त्यानं कारण विचारलं तेव्हा मी सासूबाईंचं दुखणं सांगितलं. शेवटी माझ्या पगाराचे पैसे मोकळे झाले. दुकान मात्र राहिलं नाही. उरलेला माल पडेल त्या भावानं गेला, आणि आता हे दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करतात. हप्ते चालू आहेत.

पुढं मी वेगळं खातं उघडलं. हे सोबत आले होते. मी सही करत असताना त्यांनी विचारलं, "माझं नाव नाही टाकत?"

"नाही."

ते बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले. मी फॉर्म काउंटरवर दिला आणि त्यांच्या मागं स्कूटरवर बसले.