नकाशातून गेलेलं बेट

पृथ्वीवर जिथे माणूस राहत नाही, तेवढ्याच जागा माझ्या मेहुण्यांना नीट ठाऊक होत्या. पेणमध्ये त्यांची पोह्यांची गिरणी होती आणि शेजारच्या गल्लीतही ते वाट चुकत. पण ध्रुवाकडच्या समुद्रात कोणता खडक कुठे आहे नि त्याचं बारसं कुणी केलं, हे गिऱ्हाइकाला पोहे तोलता तोलता सांगत. हमरापूरचा एक मूर्तिकार एकदा वैतागून म्हणाला, "शेठ, त्या दगडावर पोहे खपतील का?"

"माणूसच नाय तिथं."

"मग नाव ठेवून हाक कोणाला मारायची?"

यावर दाजी इतके खूश झाले की त्याला मूठभर पोहे जास्त घातले.

त्यांचं म्हणणं असं की, ओसाड खडकाला नाव देणारा खलाशी खडकाचं नव्हे, स्वतःच्याच मनाचं नाव ठेवून जातो. म्हणून तिकडे निराशेचं टोक आहे, फसवं बेट आहे, धोक्याचे खडक आहेत. मी रोह्याहून गेलो की दारातच हळू आवाजात बजावत, "तुझी ताई आज धोक्याच्या खडकांवर आहे. चहा मागू नकोस."

सगळ्यात लाडकं होतं ते दक्षिणेच्या बर्फातलं एक टिंब. कुणा खलाशाने धुक्यात लांबून पाहिलेलं, नाव दिलेलं, पुढे कुणालाच न दिसलेलं. गिरणीतल्या जुन्या नकाशावर ते होतं. एका भाद्रपदात दाजींनी हौसेने नवा नकाशा आणला, तर त्यात ते नव्हतं. खलाशाने बर्फाचा डोंगर पाहिला असावा, असं खाली छापलं होतं. दाजी जेवेनात. वालाचं बिरडंसुद्धा तसंच परत गेलं. "होतं रे ते," एवढंच म्हणत.

शेवटी ताई पदर खोचून उभी राहिली. "गेलं ना? मग रीतीनं जाऊ दे. माणूस गेल्यावर आपण उपाशी मरतो काय? सर्वपित्रीला त्याचंबी पान वाढते. उठा, आंघोळ करा."

अमावास्येला पितरांच्या पानांशेजारी बेटाचंही पान ठेवलं. कावळ्यांनी बाकीची पानं संपवली, त्याला शिवेनात. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, मग ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो. पण बेटाची इच्छा काय असणार? दाजींचा चेहरा पाहवेना. ताईनेच हात जोडले. "जुना नकाशा भिंतीवरनं काढणार नाय. मी हाय तोवर नाय. आता तरी खा बाबा."

कावळा आला. दाजींनी त्या दिवशी पुन्हा पुन्हा भात मागून घेतला.

गेल्या वर्षी दाजी गेले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, आणि आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. मंडळी म्हणाली, भाग्यवान माणूस, मागे काही राहिलं नव्हतं. ताई मात्र रागाने कावळ्याकडे बघत होती.

"काय मागतील नि काय कबूल करू, सगळं मनात ठरवून आले होते मी," ती मला म्हणाली. "जरा थांबायचं तरी."