पापणीच्या डागाचं मलम

आमच्याकडं सोयरीक जुळायच्या आधी चौकशी होते. मुलाकडची माणसं पहिली तुमच्या घरी येत नाहीत, गावात येतात. हॉटेलात चहा घेतात, सलूनमध्ये दाढी करून घेतात, मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी घेतात आणि जाता जाता विचारतात, "त्या शाळेतल्या क्लार्कचं घर कसंय वो?" मग हे तिघं मिळून जे सांगतील ते तुमचं घराणं. मी स्वतः पुतण्यासाठी अशी चौकशी केलेली आहे. एका मुलीचा बाप संध्याकाळी कुठं जातो, कुणाच्या आधारानं घरी येतो, हे मी चप्पल शिवून घेता घेता काढलं होतं. त्या अकलेचा मला बरेच दिवस अभिमान होता. म्हणून माझ्या मुलीच्या पापणीवर पांढरा डाग उठला तेव्हा मला पहिली आठवण डॉक्टरची झाली नाही, स्टँडवरच्या मेडिकलवाल्याची झाली.

डाग मसुराच्या डाळीएवढा होता, डाव्या पापणीच्या कडेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी नीट पाहून सांगितलं, "लवकर आलात. हा भरून येऊ शकतो. फक्त मलमात खाडा पाडायचा नाही. खाडा पडला तर पसरायची भीती." मुलीनं ते मन लावून ऐकलं. मी आपला दवाखान्यात आमच्या भागातलं कुणी बसलंय का ते बघत होतो.

पहिली ट्यूब दवाखान्याच्याच दुकानात मिळाली. ती संपत आली तेव्हा परत गेलो, तर तिथला म्हणाला, "वरून माल येईना. बाहेर बघा, कुणीही मागवून देईल."

घरी बायको म्हणाली, "मग स्टँडवर सांगा की. तो रोजच माल मागवतो."

"तिथं सांगणं आणि देवळाच्या भोंग्यावर सांगणं सारखंच आहे," मी म्हणालो. मुलीला तेव्हा एक स्थळ आलेलं होतं. बघण्याचा कार्यक्रम झालेला, पसंती आलेली, मुलगा लातूरला नोकरीला, बोलणी तेवढी राहिलेली. मध्यस्थ आमच्याच शाळेतले एक निवृत्त मास्तर होते. अशा वेळी गावातल्या मेडिकलवर कोडाचं मलम मागणारा बाप मी नव्हतो. मी हुशार होतो.

हुशारी अशी की शाळेत पावती फाडतो तशी पट्टी लावून मी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा वरचा भाग फाडला. मुलीचं नाव गेलं, वय गेलं. खाली फक्त औषध राहिलं. मग मोटारसायकल काढली आणि नळदुर्गला गेलो.

दुकानदारानं ती बोडकी चिठ्ठी उलटीसुलटी केली. "पेशंट कोण?"

"मीच."

"डाग कुठाय?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. "पाठीवर," मी म्हणालो.

त्यानं माझ्या शर्टाकडं पाहिलं, मग चिठ्ठीकडं. "सर, हे तर पापणीबिपणीला लावायचं सौम्य मलम आहे. पाठीला ह्यानं काय व्हायचंय? ह्याच्यातलंच जोराचं येतं, ते मागवतो."

आता इथं तोंड उघडावं तर पाठीचं खोटं उघडं पडणार. मी मान हलवली. तो म्हणाला, "नंबर सांगा, आलं की फोन करतो. गाव?" मी गाव सांगितलं, माझं नाव सांगितलं, मोबाईल नंबर सांगितला. मुलीचं नाव फाडून ठेवणारा माणूस स्वतःचा पत्ता मात्र मागेल त्याला देत होता, आणि ह्यात काही चुकतंय असं त्याला जरासुद्धा वाटत नव्हतं.

नळदुर्गच्या फोनची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुळजापूरला गेलो. तिथं पाठ नको आणि पापणीचं तर नावच नको, म्हणून बायकोच्या पायावर डाग काढला. दुकानदार हळहळला. "बाईमाणसाला लई अवघड," म्हणाला आणि त्यानंही जोराचंच मागवलं. तामलवाडीला मेव्हणीच्या मानेवर काढला. तिला तर मी दोन वर्षांत भेटलोही नव्हतो. प्रत्येक ठिकाणी नंबर दिला. उमरग्याला परत माझी पाठ पुढं केली. तिथल्या दुकानदारानं माझ्यासमोरच सोलापूरच्या होलसेलवाल्याला फोन लावला आणि कन्नडमध्ये बोलला. मला कन्नड येत नाही, पण आमच्या भागात राहून 'तोन्नू' म्हणजे कोड एवढं कळतं. तो शब्द त्यानं दोनदा उच्चारला आणि मधे माझ्या गावाचं नाव घेतलं. फोन ठेवून म्हणाला, "माल यायला वेळ लागंल. तवर हे न्या. गजकर्ण, खरूज, डाग, सगळ्याला चालतंय."

मी ते आणलं. मुलीनं आतला कागद उघडून वाचला, परत घडी घातली आणि ट्यूब माझ्या हातावर ठेवली. "डोळ्याजवळ लावू नये असं ह्यावरच लिहिलंय, अप्पा. तुम्ही जाताय कुठं नेमकं?"

"तू मलमाशी मतलब ठेव," मी म्हणालो.

मलम नव्हतंच. मसुराच्या डाळीची हरभऱ्याची डाळ झाली. ती आरशासमोर उभी राहून एक डोळा मिटायची आणि बोटानं कड चाचपायची. मी दारातून बघायचो आणि मनात म्हणायचो, लग्न एकदा जुळू दे, मग पुण्याला नेऊ, मुंबईला नेऊ. मलम जवळच्या दुकानातून आणायचं सोडून मी तिला मुंबईला न्यायला तयार होतो.

एका दुपारी मध्यस्थ मास्तर शाळेत आले. ऑफिसात दुसरं कुणी नाही हे बघून खुर्ची जवळ ओढली.

"राग मानू नका. तुमच्या घरात चौघांना कोड हाय म्हणं."

"चौघांना? मास्तर, घरात आम्ही माणसंच तिघं आहोत."

"मेव्हणीला धरून."

मास्तरांनीच उलगडून सांगितलं. ही सगळी दुकानं एकाच होलसेलवाल्याकडून माल घेतात. माल पोचवणारा गाडीवरचा माणूस सास्तूरचा, मुलाच्या मामाच्या गल्लीतला. एकच मलम, चार दुकानं, चारी ठिकाणी आमच्या जळकोटचा एकच नंबर, आणि पेशंट कधी नवरा, कधी बायको, कधी मेव्हणी. गाडीवाला मामाला म्हणाला, बिचारं अख्खं घरच धरलंय. मामानं तेच मुलाच्या आईला सांगितलं.

"मास्तर, मला काही नाही. आमच्या हिला काही नाही. तुम्ही म्हणाल तर शर्ट काढून दाखवतो."

"मला दाखवून काय उपेग? आन् तिकडं जाऊन दाखवणार व्हय?" मास्तर उठले. "ते पत्रिका जुळत न्हाय म्हणून कळवतेत. तुमी बी तसंच सांगा लोकांला."

घरी येऊन मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, म्हणजे पत्रिकेचं. मुलगी भाजी निवडत होती.

"पत्रिका नाही, अप्पा. त्यांचा काल फोन आला होता. त्यांनी सगळं सांगितलं."

"कुणी?"

"मुलानं. डागाचं मी त्यांना पसंती आल्यावर पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. ते म्हणाले, औषध चालू आहे ना, मग झालं. त्यांच्या आईलाही माहीत होतं." तिनं देठं एका बाजूला केली. "काल ते म्हणाले, एका डागाचं काही नव्हतं. पण आई म्हणते, घरात चार-चार जणांना आहे आणि ह्यांनी एकाचंच सांगितलं. आता आणखी काय काय झाकलंय कुणाला माहीत."

"मग तू खरं सांगायचं होतंस."

"सांगितलं की. आमच्या वडलांना पाठीवर काही नाही, ते उगीच तसं सांगत फिरले, असं सांगितलं. ते म्हणाले, असं कोण कशाला करेल?" तिनं वर पाहिलं.

बायको चुलीपाशी पाठमोरी होती. ती वळली नाही. पुढच्या महिन्यात हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं. परत आल्यावर म्हणाली, "आज बाया माझं तोंड बघत नव्हत्या. समद्या पाय बघत होत्या." आणि पाय धुवायला मोरीत गेली.

मग फोन सुरू झाले. नळदुर्गहून, तुळजापूरहून, तामलवाडीहून, उमरग्याहून. सर, तुमचं मलम आलंय. खास तुमच्यासाठी मागवलंय, परत जात नाही. मी जाऊन सगळी घेऊन आलो. सगळी जोराची, पाठीची, पायाची, मानेची. पापणीला चालणारं त्यात एकही नव्हतं. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात ती ओळीनं ठेवली, आणि दूध काढायला गेलं की ती दिसतात.

सोलापूरला डॉक्टरांनी डाग पाहिला. नाकाच्या बाजूनं तो आत सरकला होता आणि पापणीचे दोन केस पांढरे झाले होते. "केस पांढरे झाले की रंग परत यायला वेळ लागतो. येईलच असं नाही," ते म्हणाले. "खाडा का पडला?"

मी लगेच सुरू केलं, "साहेब, वरून माल..."

"गावात विचारलंच नव्हतं," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहून दिली. मी सवयीनं हात पुढं केला. तिनं ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

जळकोटला एसटीतून उतरलो तेव्हा बाजाराचा दिवस होता, स्टँड भरलेला. ती सरळ मेडिकलच्या पायऱ्या चढली. मी पलीकडं पानटपरीशी थांबलो आणि कुणाची तरी वाट बघतोय असं तोंड करून उभा राहिलो. गावात असं एक माणूस नव्हतं ज्याला ती कुणाची मुलगी आहे हे माहीत नव्हतं, तरी मी पाठ फिरवून उभा होतो.

तिचा आवाज ऐकू आला. "हे मागवून द्या. नाव माझंच आहे. पापणीचं आहे, सौम्यच पाहिजे."

"परवा येतंय ताई," दुकानदार म्हणाला. परवा. एवढंच होतं ते.

मग तो काउंटरवरून वाकला आणि गर्दीच्या डोक्यावरून त्यानं मला हाक मारली. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. खरी काळजी होती.

"सर, मागवतोच आहे तर तुमचं आन् बाईंचं बी सांगू का सोबत?"

टपरीवरची माणसं माझ्याकडं बघत होती. मुलगी पायरीवर थांबून बघत होती. मी म्हणालो, "नको. सध्या आहे घरात."